दोष कुणाचा

पोतोतान गावात आणि आसपासच्या वस्त्यांत कुणाच्या घरचं इंटरनेट बंद पडलं की कंपनी तेर्योला पाठवायची. मोटारसायकलच्या कडेला बांबूची शिडी बांधून तो फटफटत जायचा. वय चौपन्न आणि गुडघे मात्र सत्तरीचे. कंपनीच्या कागदावर शेवटी दोन चौकोन असत, ‘दोष कंपनीचा’ आणि ‘दोष ग्राहकाचा’. अकरा वर्षांत तेर्योने पहिल्या चौकोनात एकदाही खूण केली नव्हती. तशी ताकीदच होती म्हणा. राउटर बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा, आणि तरीही चालला नाही तर खापर ग्राहकाच्या डोक्यावर फोडा. पुष्कळदा ते खरंही असायचं. लोक राउटर फ्रीजच्या मागे कोंबतात, वायरीवर कपडे वाळत घालतात आणि मग लाइनमनच्या नावाने खडे फोडतात.

तीन तक्रारी झाल्या की कंपनी माणसाला घरी बसवायची. तेर्योच्या दोन झाल्या होत्या. एक पुराच्या दिवशी उशिरा पोचल्याची आणि दुसरी एका निवृत्त शिक्षिकेच्या शेवंतीच्या वाफ्यात शिडी टेकवल्याची. त्या बाईने तुडवलेल्या रोपांचे फोटोसुद्धा पाठवले होते.

त्या शनिवारी अकराच्या सुमाराला तो ज्या घरासमोर उतरला, तिथे अंगणात मांडव होता आणि मांडवाखाली लोक पत्ते खेळत होते. मयताला जागणारे लोक तिकडे पत्तेच खेळत बसतात, त्यामुळे घरात मयत आहे हे त्याला लगेच कळलं. आत शवपेटीच्या काचेच्या झाकणाखाली घरची म्हातारी नांग पुरिंग झोपली होती, नांग म्हणजे थोरली ताई; तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. औषध भरून एवढे दिवस तिला ठेवलं होतं ते तिच्या मुलीसाठी. रोवेना आखातात एका घरी कामाला होती. मालकिणीने आज सोडते, उद्या सोडते करत शेवटी रजा नाकारलीच. आता एक वाजता चर्चमध्ये न्यायचं ठरलं होतं.

दारातच नुल्फो भेटला, रोवेनाचा भाऊ. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

“आलात? चार दिवस टेकाडावर जाऊन फोन करतोय! माणूस पुरल्यावर येणार होता का?”

“मला आज सकाळी कळलं, टोटो,” तेर्यो धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाला.

“बारा वाजता माझी बहीण फोन करणार आहे. तिकडे तेव्हा सात वाजलेले असतात. आठला मालकीण उठते, त्याच्या आत काय ते. पाच वेळा लावला तिने. आई दाखवायला फोन वळवला की गेलंच तुमचं नेट. अजून आईचं तोंड पाहिलेलं नाही तिने!”

मोबाइलचा सिग्नल त्या खोलगट वस्तीत पोचतच नव्हता. जे काय होतं ते त्या राउटरवर.

तेर्यो पिशवी उचलून आत गेला. बोलण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं. चौदा वर्षं त्याने स्वतः आखातात जमिनीखाली केबल टाकल्या होत्या. बायको गेली तेव्हा तिच्या दफनाची प्रार्थना त्याने सार्वजनिक फोनवरून ऐकली, आणि पाद्री तिचं नाव घेत असतानाच कार्ड संपलं. दुसरं कार्ड आणेपर्यंत इथे माती लोटून झाली होती. त्या फोनचा त्याला इतक्या वर्षांनीही राग येई, आणि हा असा राग धरण्यात काही अर्थ नाही हेही त्याला माहीत होतं.

राउटर देव्हाऱ्यावर होता, बाळ येशूच्या मूर्तीला खेटून. त्याच्यावर क्रोशाचं पांढरं झाकण घातलेलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यात फुलं विणलेलं.

“माझ्या बहिणीने विणलंय,” कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. ही नांग सिओनिंग, गेलेल्या बाईची धाकटी बहीण. “लेक यातूनच बोलते म्हणायची. त्याला उघडं कसं ठेवायचं?”

तेर्योने झाकण अलगद बाजूला ठेवलं. खांबावर चढून लाइन मोजली, ती उत्तम होती. जोड पुसला, वायर बदलली. राउटर बंद करून तीस आकडे मोजले आणि चालू केला. चार मिनिटं हिरवे दिवे लागले आणि पुन्हा सगळं ठप्प. साडेअकरा झाले होते. नुल्फो मागे उभा राहून त्याचा प्रत्येक श्वास मोजत होता.

“जमत नसेल तर तसं सांगा ना, नोंग,” थोरल्या माणसाला लावायचा ‘नोंग’ही त्याने तिरकसच उच्चारला. “शिडी काय फोटो काढायला आणलीत?”

तेव्हा तेर्योच्या मनगटाला काहीतरी चावलं. मुंगी होती. त्याने राउटर उलटा केला तर जाळीतून मुंग्यांची धारच लागली. विजेच्या अडॅप्टरमध्येही तेच, आत नुसत्या मेलेल्या मुंग्यांचा लगदा झालेला.

मग त्याने खाली पाहिलं. जमिनीवर बिस्किटांचा चुरा, शेंगांची फोलपटं, सांडलेल्या कॉफीतली साखर. नऊ दिवस घराला केरसुणी लागली नव्हती. मयत घरात असताना केर काढला तर पाठोपाठ घरातलं आणखी एक माणूस जातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुंग्यांना पंगत मांडून दिली होती आणि वर राउटरची ऊब.

“एवढा देव्हाऱ्याखालचा भाग झाडू का, नांग?”

“खबरदार!” म्हातारी उठूनच उभी राहिली. “रोवेना परमुलखात आहे. केरसुणीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.”

तेर्योने वाद घातला नाही. बायकोच्या वेळी त्याच्या घरीही कुणी झाडलं नव्हतं. त्याने राउटर खोलला आणि बशीवर धरून दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक कोपरा साफ केला. बशी बाहेर नेऊन झाडाखाली रिकामी केली. पिशवीतला स्वतःचा अडॅप्टर लावला. दिवे लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली, दिवे हिरवेच होते. तेर्योला इतका आनंद झाला की आपण कुठे उभे आहोत ते विसरून तो हसला, आणि मग शरमून ब्रश पुसू लागला.

बाराला फोन वाजला. नुल्फोने तो उचलला आणि तेर्योपुढे केला.

“तुम्हीच धरा, नोंग. तुमच्या हातात तरी टिकेल.”

पडद्यावर एक वाळलेला चेहरा होता, डोक्याला रुमाल बांधलेला, मागे स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशा. रोवेना कुजबुजत बोलत होती.

“कोण तुम्ही?”

“लाइनमन आहे, इंदाय,” तेर्यो लेकीशी बोलावं तसं म्हणाला. “दाखवतो हं आईला.”

सगळे शवपेटीच्या पलीकडे उभे होते. पडदा फक्त तेर्योला दिसत होता आणि तिची कुजबुजही त्याच्यापुरतीच होती. तो हळूहळू काचेकडे वाकला.

“चमकतंय,” रोवेना म्हणाली. “काच चमकतेय, मला नुसता दिवा दिसतोय. जरा खाली घ्या ना, नोंग. कुठला झगा घातलाय तिला? निळा?”

तेर्योने फोन तिरका केला. तेवढ्यात फोनमधून मालकिणीचा पुसट आवाज आला. भाषा तेर्योला चांगली समजत होती, चौदा वर्षं त्याच भाषेत शिव्या खाल्लेल्या. बाई आज लवकर उठली होती. रोवेनाने मागे पाहिलं. तिचा चेहरा एकदम कोरा झाला. तिचं बोट पडद्याकडे आलं आणि फोन बंद झाला.

“काय झालं?” नुल्फो ओरडला. “पाहिलं का तिने?”

राउटरचे सगळे दिवे हिरवेगार होते. तेर्योला खरं सांगता आलं असतं, फोन तिनेच बंद केला, दोष माझ्याकडचा नाही. त्याने नांग पुरिंगच्या निळ्या झग्याकडे पाहिलं. ही माणसं आता हिला खांद्यावर घेणार होती.

“नेट गेलं,” तो म्हणाला. “आमचीच लाइन. माफ करा.”

नुल्फोने त्याची गचांडी धरली. “भिकारड्या! तुझी आई असती तर?” लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं. दहा-पंधरा मिनिटांनी नुल्फोच्या हातातला फोन वाजला. निरोप आला होता. त्याने तो मोठ्याने वाचला.

“‘तुमच्याकडचं नेट पुन्हा गेलं वाटतं. पण मी आईला पोटभर पाहिलं. रडू नका.’ ऐकलंत? तीसुद्धा तेच म्हणतेय! कंपनीला सांगून तुमची शिडी नाही काढून घेतली तर नाव लावणार नाही.”

बंद पडलेल्या नेटवरून निरोप कसा आला, हे त्याला सुचलं नाही. तेर्यो मान खाली घालून पिशवी आवरत होता. पोटभर म्हणे. पोरीला दिव्याखेरीज काही दिसलं नव्हतं.

नांग सिओनिंग मात्र राउटरकडे पाहत राहिली होती. मग तिने तेर्योकडे पाहिलं. ती उठली, क्रोशाचं झाकण उचललं आणि हिरवे दिवे दिसणार नाहीत असं राउटरवर नीट ओढून बसवलं.

“जा आता,” ती हळूच म्हणाली. “मयताच्या घरातून कुणाला दारापर्यंत पोचवत नाहीत, नाहीतर आले असते.”

तेर्यो अंगणात आला. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्याने ‘दोष कंपनीचा’ या चौकोनात खूण केली, आणि खालच्या तक्रारीच्या रकान्यात नुल्फोची सही घ्यायला पुन्हा आत गेला.