एक्झिबिट सात

त्र्यंबक अण्णा वारले त्याला या आषाढात चार वर्षं झाली. तेराव्याला ठाण्यातली निम्मी कारकून मंडळी जेवायला होती, आणि जो तो त्यांचे गोडवे गात होता. देवमाणूस, सोवळा माणूस, घरच्या घरी शिकून इंग्रजीत केवढी मजल! मी खाली मान घालून भात कालवत होतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मी अण्णांच्या शेजारी बसून तेवीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. मला जे ठाऊक आहे ते त्या पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आता लिहून ठेवतो, आणि त्यात माझा वाटा आहे तोही लपवत नाही.

अण्णांकडे दोन कामं होती. मुद्देमालाची कोठी सांभाळायची, आणि इंग्रजी निकालांचा मराठी तर्जुमा करायचा. कोठी म्हणजे एक अंधारी खोली. तिथे खुनाचे कोयते, चोरीची भांडी, फाडलेले सदरे, खोटे दस्तऐवज असं सगळं फडक्यांत बांधून ठेवलेलं असे. तर्जुम्यासाठी अण्णांनी शब्दांची एक जाड वही केली होती, आणि तिच्यात सगळ्यात जास्त जागा खाल्ली होती 'एक्झिबिट' या शब्दाने. दुसरे कारकून त्याला सरळ 'निशाणी' म्हणत आणि मोकळे होत. अण्णांना ते पटत नसे.

"अरे गुरुदत्ता," ते मला सांगत, "दाखवणं निराळं आणि एक्झिबिट करणं निराळं. मुलगी दाखवतात तेव्हा तिला नटवतात, वेणीफणी, कुंकू करतात. तो शो. मुंबईत धान्याचं, जनावरांचं एक्झिबिशन भरतं, तिथेही बैलाची शिंगं रंगवून आणतात. पण कोर्टातलं एक्झिबिट म्हणजे वस्तू जशी सापडली तशी साहेबापुढे ठेवायची. साक्षीदाराने ती ओळखायची, मग तिच्यावर नंबर पडायचा. मध्ये कुणाचा हात लागता कामा नये."

हे ते वर्षातून दहा वेळा सांगत. मी हो म्हणून मान डोलावत असे.

आता अण्णांच्या खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी सुतार आपला रंधा पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, शेतकरी नांगर धुऊन त्याला हार घालतो. आम्ही कारकून दौत-लेखणी पुजत असू. अण्णा त्यावर थांबत नसत. कोठीतली शस्त्रंही ते पुजत. ही हत्यारं रक्त लागलेली, त्यांची वर्षाकाठी एकदा तरी शांती व्हायला हवी, नाहीतर ती आपल्यालाच बाधतील, अशी त्यांची पक्की समजूत. एका वर्षी पूजा चुकली आणि त्यांची धाकटी मुलगी मालन तापाने गेली. तेव्हापासून समजुतीचं व्रत झालं. ज्या हत्याराचा खटला संपला तेच बहुतेक वेळा कोठीत पडलेलं असे, म्हणून कधी काही बिघडलं नाही. अकरा वर्षांत कुणी विचारलंही नाही. आणि शब्दांच्या वहीतला अर्थ आणि हातातलं तांब्याभर पाणी, या दोन्हींची गाठ अण्णांच्या मनात कधी पडली नाही. माझ्याही नाही.

अठराशे अठ्ठ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला कोठीत एक नवा कोयता होता. कोपरच्या धाकू नावाच्या आगऱ्याचा. मिठागरावर काम करायचा, भरतीला खाडीत जाळं लावायचा. शेजारच्या राघोशी त्याचं बांधावरून भांडण होतं, आणि राघो एका पहाटे बांधावर मानेवर घाव बसून मेलेला सापडला. पोलिसांनी धाकूच्या घरातून कोयता उचलला. पंचनामा करणारा हवालदार आळशी होता. त्याने लिहिलं, 'कोयता एक, लाकडी मुठीचा, वापरातला.' खालच्या कोर्टात कुणी फडकं सोडूनही बघितलं नाही. खटला वर आला आणि दिवाळीनंतरची तारीख पडली.

अण्णांनी फडकं सोडलं आणि नाक धरलं. कोयत्याच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली होती आणि तिच्यात माशाची खवलं अडकून वाळली होती. पात्यावरही खवलं होती.

"शी! हे कसलं रे?"

"जिताड्याची खवलं आहेत अण्णा," मी म्हणालो. आम्ही सारस्वत, मला मासा सांगावा लागत नाही. "मोठा असणार. दोन हात तरी. आमच्याकडे असा मिळाला तर शेजाऱ्यांनाही बोलावतो आम्ही."

अण्णा हसले, मला 'मत्स्यभक्षक भट' म्हणाले, आणि देवापुढे मासा नको म्हणून काडीने एकेक खवलं कोरून काढलं. मी तांब्याने पाणी घातलं. त्यांनी राखेने पातं घासलं, सुतळी धुतली, तेलाचा हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसून कोयता पुन्हा फडक्यात गेला.

दिवाळी झाली आणि खटला उभा राहिला. कोयता ओळखून घेतला गेला, त्याला एक्झिबिट सात असा नंबर पडला. सरकारी साक्षीदाराने धाकूला पहाटे कोयता घेऊन बांधाकडे जाताना पाहिलं होतं. धाकूचं म्हणणं काय, असं साहेबाने विचारलं. तो काळा, काटक माणूस पिंजऱ्यात हात जोडून उभा होता.

"सायब, मी बांधाव गेलतू ते जाळं काराला. जितारा गावला, तो घरा आनून याच कोयत्यान कापला. मंग पोलीस आले. कोयता धुवाला बी येल नाय भेटला. मुठीचे सुतलीन खवलं हायत, तुमीच बगा."

'जितारा' हा शब्द ऐकताच मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेबाने कोयता मागवला. अण्णाच तो घेऊन गेले. साहेबाने मूठ फिरवून पाहिली, सुतळीत नख घालून पाहिलं, पात्यावरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं. सरकारी वकील लगेच उठला. आरोपी म्हणतो धुवायला वेळ मिळाला नाही, आणि पातं तर घासून तेल लावलेलं आहे. निर्दोष माणूस अशी काळजी कशाला घेईल?

साहेबाने अण्णांना विचारलं, "माल जसा आला तसाच आहे?"

हा नेहमीचा प्रश्न होता. अण्णांनी तो शेकडो वेळा ऐकलेला. उत्तर देण्याआधी त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी 'सांगू नका' अशी मान हलवली. हो, मीच. त्यांची नोकरी जाईल, कदाचित खटला होईल, घरी खाणारी सात तोंडं, हे सगळं त्या एका मान हलवण्यात होतं. माझी स्वतःची नोकरीही होती, ते कशाला नाकारू?

"होय साहेब," अण्णा म्हणाले.

धाकूला फाशी सुनावली. निकालाचा तर्जुमा अण्णांकडेच आला. त्यात एक वाक्य होतं, आरोपीने पश्चात्तापाचं कसलंही चिन्ह 'एक्झिबिट' केलं नाही. अण्णा त्या ओळीवर दोन तास अडून बसले. माणसाचं मनही एक्झिबिट करतात हा अर्थ त्यांच्या वहीत नव्हता. "न केलेल्याचा पश्चात्ताप तो कुठून आणणार रे?" ते मला म्हणाले. मी त्यांना अजूनही साहेबाकडे जा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "'दिसून आला नाही' असं लिहा." त्यांनी तसं लिहिलं. वरून मंजुरी आली आणि माघात धाकूला फाशी दिली. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते. मी त्या दिवशी पोटभर जेवलो होतो.

पंधरा दिवसांनी धाकूची बायको हौसाबाई कोपरहून चालत आली. कोयता परत मिळावा असा अर्ज तिने कुणाकडून तरी लिहून आणला होता आणि साहेबाने तो मंजूर केला होता. घरात तेवढंच एक हत्यार, त्यावरच लाकूड आणि मासळी. अण्णांनी कोठी उघडली, कोयता तिच्यापुढे ठेवला आणि अंगठ्यासाठी वही सरकवली. तिने कोयता उचलला, उजेडाकडे धरला, सुतळी चाचपली.

"यो आमचा नाय," ती म्हणाली. "आमचे कोयत्याव खवलं व्हती. यो तं लगनाचे नवरीवानी धुतलाय."

मी म्हणालो, "बाई, तुमचाच आहे, नंबर बघा."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती अण्णांकडे बघत होती. "कोनी धुतला?"

अण्णा म्हणाले, "मी. खंडेनवमीला. पूजेसाठी."

"खवलं बगलीव तुमी?"

"बघितली. मीच काढली."

"सायबानं इचारला तवा तितंच व्हते ना?"

"होतो."

मला वाटलं ती टाहो फोडेल, शिव्या देईल, तो कोयता उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. तिने तो हळूच टेबलावर ठेवला आणि अंगठ्याची वही परत ढकलली.

"तुमी पुजलाव, तं तुमीच ठेवा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

अण्णा खाली बसले. "गुरुदत्ता, दार लाव," ते म्हणाले. मी उठून कोठीचं दार लावलं.