अनवाणी टोचन

बंद पडलेली गाडी ओढून न्यायला टोचनला लावली, की आमचा टोचनचा ड्रायव्हर आधी चपला काढायचा. त्या सीटमागे सारायचा, अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "चला. आता ओरडू द्या याला." याला म्हणजे इंजिनाला.

हाकेला ओ न देणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या नाशिकच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सगळे त्याला घमेंडखोर म्हणत. फोन कधी उचलायचा नाही. "मेसेज टाका, ताई. तोंडी काय लक्षात राहत नाय." मला हे पसंत होतं. मीही सगळं लिहूनच ठेवते.

चपलांवरून मी एकदा विचारलं, "देवळात शिरताय का, दादा?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, हसला. "तसंच समजा."

गेल्या उन्हाळ्यात कांद्यानं भरलेली आमची गाडी चांदवडच्या घाटाखाली बंद पडली. तिच्यावर माझा धाकटा भाऊ होता. कागद, खर्ची, पाणी घेऊन मीही टोचनच्या गाडीत बसून गेले. चाकं मोकळी करून लोखंडी दांड्यानं दोन्ही गाड्या जोडल्या. भाऊ मागच्या स्टिअरिंगवर बसला. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला लागणारी हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे ब्रेक नाहीत. हे मला माहीत होतं. चढ सुरू होईपर्यंत त्याची भीती वाटली नव्हती.

चढाला ड्रायव्हरनं खालचा गिअर टाकला आणि पाय दाबून धरला. इंजिन किंचाळू लागलं. काटा लाल पट्ट्याला टेकला, केबिनभर तापलेल्या तेलाचा वास पसरला. आता हे फुटणार.

"दादा, गिअर बदला!"

तो समोर पाहत राहिला. मी आरशात पाहिलं. भाऊ खिडकीतून वेड्यासारखा टॉवेल हलवत होता.

"थांबा! मागे काहीतरी झालंय!"

शेवटी मी त्याचा दंड धरून हलवला. त्यानं आरशात पाहिलं, माझा हात झटकला आणि पाय आणखी खाली दाबला. घरी गेल्यावर आईला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माथ्यावर सपाटी लागल्यावरच त्यानं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. दांडा गाडीला अडकवणारी पिन जवळजवळ पूर्ण वर आली होती. भाऊ उतरून रस्त्याच्या कडेला ओकला.

"ओढ होती म्हणून टिकली," ड्रायव्हर म्हणाला. "मधीच पाय उचलला असता, तर दांडा ढिला पडला असता. मग मागची गेलीच खाली."

तो वाकून पिन ठोकायला लागला. "मला एका शब्दानं सांगता आलं नाही?" मी त्याच्या पाठीमागून ओरडले. दोनदा ओरडले. तो ठोकतच राहिला. मग वळला आणि माझ्या ओठांकडे पाहत म्हणाला, "काय म्हणलात, ताई?"

तेव्हा मला कळलं. इंजिन तो तळव्यांनी ऐकत होता. त्यानं हातोडी खाली ठेवली. "लय भ्यालो," तो म्हणाला.

मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मिळालेलं मशिन तो खिशातच ठेवायचा. "ते लावलं की हा लयच ओरडतो."

या वर्षी शुगरमुळे त्याचे तळवे बधिर झाले. तो ऑफिसात आला, किल्ली टेबलावर ठेवली. मी ओठ नीट हलवत सावकाश विचारलं, "का हो, दादा?"

"पाय ठेवला तरी काय कळत नाय. मागं कुणाचा तरी भाऊ असतो, ताई."

आता टोचनवर नवा ड्रायव्हर आहे. बूट घालतो, पहिल्या रिंगला फोन उचलतो. त्याच्यासोबत जावं लागलं, तर घाट लागताच मी चपला काढते आणि तळवे केबिनच्या पत्र्यावर टेकवते. मला त्यातलं काहीच कळत नाही. तरी माथा येईपर्यंत पाय उचलत नाही.