सासूबाईंची डुलकी

आमच्या घरात गाडी एक आणि चालवणाऱ्या दोघी, मी आणि माझी धाकटी जाऊ. आधी शिकले मी. पण सासूबाईंची कंबर धरली तेव्हापासून त्यांना कुठं न्यायचं म्हटलं की हाक तिलाच. "थोरली लई गचके देती," असं त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं होतं म्हणून जास्तच.

चौथ्यातून तिसरा गिअर टाकला की मी क्लच फटकन सोडायचे आणि मागून "आई गं" ऐकू यायचं. धाकटी चालवायला बसली की ह्याच बाई शिवाजी पेठ ओलांडायच्या आत घोरायला लागायच्या. ते घोरणं मला ऐकवायचं नाही. जळायचे मी, सरळ सांगते.

तिला विचारायला माझं अडलंय खेटर. शेजारी बसून तिचे पाय मात्र बघायचे. आधी ब्रेकनं वेग उतरवायची, मग क्लच दाबून खालचा गिअर, क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरवर जरासा पाय, आणि मग क्लच अगदी हळू. एवढ्यावर तिनं सासूबाई खिशात घातल्या होत्या. मी भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडून शेजारच्या सीटपुढं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून सराव केला. पहिला आठवडा मॅट वाळलीच नाही.

धाकटी माहेरी गेली होती आणि कुरुंदवाडहून निरोप आला, सासूबाईंचा भाऊ आजारी आहे. "धाकटी आली की जाऊ की," म्हणाल्या. पण भावापायी जीव राहीना. शेवटी कमरेला उशी लावून माझ्या मागं बसल्या.

वाटेत उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. चौथा, तिसरा, दुसरा, परत तिसरा. माझा सगळा जीव कानात. हातकणंगल्याच्या पुढं घोरणं सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

दारात गाडी थांबवली तेव्हा त्या अर्धवट झोपेत मायेनं म्हणाल्या, "तू हाईस म्हणून कंबर वाचली बघ. थोरली असती तर मोडूनच ठेवली असती."

"आई, मी थोरलीच हाय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. माझा हात धरून उतरल्या. दारात भावजय उभी होती, तिला कौतुकानं म्हणाल्या, "धाकटीनं चांगलं शिकवलंय हिला."

आणि ते खोटं आहे असं म्हणायची माझी सोय नव्हती.