पेनाने लिहिलेलं झाड

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सोमवारची ठरली आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी मी अकोल्याहून परतवाड्याची बस धरली. नवरा स्टँडवर सोडायला आला होता. जन्मभर वकिली केलेला माणूस, उलटतपासणी घेतल्याशिवाय निरोप कसा देणार!

"एक झाड जिवंत आहे की मेलं, एवढंच बघायला चालली आहेस ना?"

"एवढंच."

"मग तिथल्या माणसाला फोन करून विचार की. तो बघून सांगेल."

"ऐकीव पुरावा तुमच्या कोर्टात चालतो का?"

यावर त्याने माझी सॅक वर चढवून दिली, काठी हातात दिली आणि खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत टाकली. बस सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता. माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढण्याच्या भानगडीत तो फार पूर्वीच पडेनासा झाला आहे.

त्याला मी जे सांगितलं नव्हतं ते इथे सांगून टाकते. ते झाड मेलं आहे असं मीच लिहिलं होतं, आणि न बघता लिहिलं होतं.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. मेळघाटात एका डोंगरउतारावर आम्ही चारशे झाडांना नंबर ठोकले होते आणि बावीस वर्षं, दर फाल्गुनात, मी त्या प्रत्येक झाडापाशी जाऊन उभी राहिले. घेर मोजायचा, पालवी बघायची, फुलं-फळं टिपायची आणि झाड जिवंत आहे की नाही ते लिहायचं. कुणी विचारलं की यातून शोध काय लागला, तर सांगण्यासारखं फार नसे. जंगल कसं जगतं हे कळायला जंगलाइतकाच धीर लागतो, असं मी म्हणायची आणि विषय बदलायची.

आमच्या कामाचे दोन नियम होते आणि दोन्ही मीच घातलेले. पहिला असा की चारही बाजूंनी साल खरडल्याशिवाय झाड मेलं म्हणायचं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर निम्मं मेळघाट मेल्यासारखंच दिसतं. सालीखाली ओल लागली की झाड जिवंत. चारही ठिकाणी कोरडं लागलं तरच मेलं. दुसरा नियम रजिस्टरचा होता. जिवंत झाडाची नोंद पेन्सिलने, कारण ती पुढच्या वर्षी बदलणार. मेलेल्याची पेनाने, कारण ती आता बदलायची नाही. पेनाने लिहिलेल्या झाडाकडे पुन्हा कोणी फिरकत नसे, ते यादीतून गेलेलं असे.

एका वर्षी माझ्या विद्यार्थिनीने एक सालई लांबूनच बघून मेली असं लिहिलं होतं. मी तिला भर उन्हात दीड किलोमीटर परत पाठवलं. ती रडत गेली आणि रडत आली. सालई जिवंत होती. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आज ती मुलगी त्याच कॉलेजात प्राध्यापक आहे आणि पुढचं सगळं काम तीच बघणार आहे. वनखात्याकडून मला मिळालेली परवानगी ही शेवटचीच होती आणि परत आले की रजिस्टर तिच्या हातात द्यायचं ठरलं होतं.

तर गेल्या फाल्गुनातली गोष्ट. दोनशे चौदा नंबरचं झाड म्हणजे एक कुसुम, पुण्याकडे ज्याला कोशिंब म्हणतात ते. खाली नाल्याच्या काठावर उभं. आदल्या वर्षीच्या वणव्यात त्याची एक बाजू भाजली होती. फाल्गुनात कुसुमाला लाल पालवी येते, अख्खा नाला पेटल्यासारखा दिसतो. मी वर कड्यावर उभी राहून दुर्बीण लावली. बाकीची कुसुमं लालभडक, आणि हे खराट्यासारखं. गुडघा सकाळपासून ठणकत होता. खाली उतरायचं म्हणजे तासभर आणि चढायचं म्हणजे दोन. मी दगडावर बसले, पेन काढलं आणि लिहिलं, मेलं. खाली तारीख आणि निरीक्षकाच्या रकान्यात माझी सही.

वर्षभर मला त्याचं काही वाटलं नाही, हेही खरंच सांगते. रजिस्टर देण्याआधी त्याची स्वच्छ प्रत करावी म्हणून अकोल्यात घरी बसले होते. दोनशे तेरा झालं, दोनशे चौदाला हात थांबला. ती रडत गेलेली मुलगी डोळ्यांसमोर आली. तिच्या हातात मी एक खोटी ओळ देणार होते, तीही पेनाने लिहिलेली. मी प्रत करणं बंद केलं आणि परवानगीचं पत्र शोधून काढलं. डॉक्टरांनी जिने चढू नका असं सांगितलं होतं. नाल्यात उतरू नका असं काही ते म्हणाले नव्हते.

परतवाड्याहून जीपने वर गेले. पाड्यावरची होळी नुकतीच संपली होती, आमचे भाऊ चार रात्री नाचून आले होते आणि त्यांचे डोळे अजून तारवटलेले होते. भाऊ म्हणजे खात्याचे वनमजूर, कोरकू, वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असतील. खात्याच्या नियमाप्रमाणे माझ्यासोबत कोणीतरी हवं म्हणून पहिल्या वर्षी त्यांना पाठवलं आणि मग दर वर्षी तेच येत गेले. मजुरी खातं परस्पर देई. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मी आकडा वाचायची, मीच लिहायची.

दोन दिवस आम्ही कड्यावरची झाडं केली. मोहाचा सडा पडलेला, सगळीकडे तो गोड आंबूस वास. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, "भाऊ, आज दोनशे चौदाला जायचं."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग नाल्याकडे. "थे त मेलं ना, बाई. तुमीच त लिवलं."

"लिहिलं. पण बघितलं नव्हतं."

"मले मालूम हाय," ते म्हणाले आणि विळा कमरेला खोचून पुढे चालू लागले.

मले मालूम हाय. गेल्या वर्षी ते माझ्या शेजारीच उभे होते. मी पेन काढलं तेव्हा त्यांनी बघितलंच असणार. मला वाटत आलं होतं की माझ्याशिवाय हे कोणालाच ठाऊक नाही. जसं काही शेजारी उभा राहिलेला माणूस म्हणजे आणखी एक झाडच.

सागाची वाळलेली पानं दगडांवर पडली की त्यावरून पाय तेलावरून घसरावा तसा घसरतो. अर्ध्या वाटेपर्यंत मी काठीने गेले. पुढे काठीचाही भरवसा वाटेना, तेव्हा सरळ खाली बसले आणि बसूनच उतरायला लागले. साठी उलटलेली बाई, पीएचडी, आणि नाल्याच्या उतारावर ढुंगण घासत चाललेली. पँट मागे फाटली ती कळलीसुद्धा नाही. भाऊ दोन पावलं पुढे, पाय रोवून, मी त्यांच्यावर घसरले तर धरायला. एकदा गुडघा असा वळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"वापस जाऊ," भाऊ म्हणाले. "म्या पाहून येतो. तुमी बसा अथीच."

"नाही."

"काहून नाई? माह्यावर भरवसा नाई का?"

"भरवसा माझा माझ्यावर नाही, भाऊ. म्हणून चालले."

ते शेजारच्या दगडावर टेकले. मी संत्रं सोललं, अर्धं त्यांना दिलं. खाता खाता म्हणाले, "आमच्यात, बाई, मानूस मेला म्हनून लगेच गेला, असं नाई राहत. सिडोली करा लागते, लाकडाचा मुंडा रोवा लागते त्याच्या नावाचा. मंग तो पितरांत जाते. माह्या बापाचा मुंडा रोवाले आमाले सहा वर्सं लागले."

"सहा वर्षं?"

"आमी घाई नाई करत," ते म्हणाले. संत्र्याच्या बिया त्यांनी हातावर घेऊन बाजूला टाकल्या.

नाल्यात पोचायला मला दोन तास लागले. दोनशे चौदा तिथेच होतं. नंबराचा पत्रा गंजलेला, खोडाची डोंगराकडची बाजू कोळशासारखी काळी. वर एकही पान नव्हतं. भाऊंनी विळा दिला. मी डोंगराकडची साल खरडली. कोरडं. उगवतीकडे खरडली. तिथेही कोरडं, भुसा निघाला. मावळतीकडे गेले, तिथेही तेच. तीन बाजू झाल्या. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटायला लागलं होतं. म्हणजे मी लिहिलं ते खरंच होतं की. न बघता लिहिलं, पण चुकीचं नव्हतं. माणूस स्वतःला किती पटकन माफ करतो बघा.

चौथी बाजू नाल्याकडची. तिथे जायला कोरड्या नाल्यातल्या गोट्यांवरून वळसा होता. मी काठी टेकत गेले आणि विळा उचलला, आणि तो तसाच राहिला.

तिथली साल आधीच कोणीतरी खरडलेली होती. तळहाताएवढा चौकोन, कडा सरळ, विळ्याने काढतात तसा. आणि त्या चौकोनाच्या चारी बाजूंनी नवी साल आत सरकत येऊन तिची बोटभर जाड कड झालेली होती. जखम भरून यायला लागली की झाड अशी कड आणतं. मेलेलं झाड आणत नाही. ज्याने कोणी ते खरडलं, त्यानंतर निदान एक पावसाळा ते झाड जगलेलं होतं.

मी भाऊंकडे बघितलं.

"म्या खरडलं," ते म्हणाले. "गेल्या साली. तुमी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आलतो. वलं होतं. उशिरानं पालवी बी फुटली, ह्या अंगाले. लाल. लय नाई, दोन फांद्या."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

वऱ्हाडी माझ्या तोंडात आपसूकच आली, रागावले की येते. पण मी कोणावर रागावले होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

"तुमी पेनानं लिवलं होतं," भाऊ म्हणाले. "पेनानं लिवलं का मंग बदलत नाई. तुमीच त सांगतलं होतं."

मी त्या कडेच्या आत विळा लावला. कोरडं. थोडं वर लावला, थोडं खाली. सगळं कोरडं. दोनशे चौदा मेलेलंच होतं, पण ते या वर्षात कधीतरी मेलं होतं, मी मारलं त्यानंतर. मधल्या काळात त्याने दोन फांद्यांवर लाल पालवी आणली होती आणि माझ्या रजिस्टरात ती कुठेच नव्हती. बावीस वर्षं मी ज्यासाठी चालले ती नेमकी हीच गोष्ट, आणि ती माझ्या पाठीमागे होऊन गेली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. भाऊ नाल्यातल्या गोट्यावर पाठ करून बसले आणि त्यांनी विडी काढली. मग जंगलात आग नको म्हणून न पेटवताच परत ठेवली.

डोळे पुसले आणि रजिस्टर काढलं. दोनशे चौदाचं पान उघडलं आणि घाईत लिहायचं नाही असं ठरवलं. गेल्या वर्षीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी, म्हणजे मी काय केलं होतं ते पुढच्या माणसाला दिसावं. तिच्या खाली लिहिलं: वरील नोंद कड्यावरून, साल न खरडता केलेली. चूक. झाड जिवंत होतं, नाल्याकडील साल ओली, दोन फांद्यांना उशिरा पालवी. मग या वर्षीची ओळ लिहिली: चारही बाजू कोरड्या, मेलं. तिच्यापुढे माझी सही केली. गेल्या वर्षीच्या दुरुस्तीपुढे निरीक्षकाचा रकाना रिकामा ठेवला.

"भाऊ, इथे नाव लिहा."

"माहं?"

"बघितलं तुम्ही. मी नाही."

ते हात पँटला पुसत आले. चौथीपर्यंत शाळेत गेले होते, हे मला तेव्हा कळलं. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. पेनाकडे बघितलं, मग त्या वाळलेल्या कुसुमाकडे.

"पेन्सिल द्या, बाई," ते म्हणाले. "मी त जित्ता हावो अजून."

मी पेन्सिल दिली. त्यांनी रजिस्टर गुडघ्यावर घेतलं आणि एकेक अक्षर दाबून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. त्यांचं आडनाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.