कुड्यांच्या डबीतली मशिनं

माझी आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. मी माहेरी गेले की विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? तेव्हापासून मला एकच भीती आहे, आपलंही असंच होईल.

मी इथे अमेरिकेत, ट्रॉयला मुलाकडे राहते. मागच्या हिवाळ्यात मुलगा आणि सून म्हणायला लागले की मी विसरते. सून वर जाताना गॅस बंद करायला सांगायची आणि मी बसून राहायची. नात काही विचारायची, मी नुसती मान हलवायची. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे गप्प झाले ते कुणाला वेगळं वाटलं नाही. मलाही वाटलं, झालं, आईचं ते सुरू झालं.

डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली, मग कान तपासायला पाठवलं. नंतर डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते मुलाने मराठीत सांगितलं. आठवण वयाच्या मानाने ठीक आहे, कान मात्र बरेच गेलेत. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, मेंदूला काम राहत नाही, आणि विसरण्याच्या आजाराचा धोका वाढतो. तेव्हा कानाचं मशीन लावायचं, बीपीची गोळी चुकवायची नाही, चालायचं, माणसांत बसायचं. मी मुलाला विचारायला सांगितलं, मग आईसारखं होणार नाही ना? डॉक्टर म्हणाल्या, तशी खात्री देता येत नाही, पण आपल्या हातात आहे तेवढं करायचं.

मशिनं आली. माझ्या मोत्याच्या कुड्यांएवढीच, आणि महागाची. मी ती कापसात गुंडाळून कुड्यांच्या डबीत ठेवली. मंडळाच्या गणपतीला घातली, एकांकडे सत्यनारायण होता तेव्हा घातली. घरी आले की कुड्यांबरोबर काढून ठेवायची. चांगली वस्तू रोज वापरून झिजवायची नाही, हेच मी जन्मभर करत आले.

पुढच्या खेपेला कान तपासणाऱ्या बाईंनी मशिनं कॉम्प्युटरला जोडली. किती वेळ घातलं ते मशीनच सांगतं, हे मला माहीत नव्हतं. बाई मुलाशी काहीतरी बोलल्या आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

"आई, ती काय नथ आहे का, सणावाराला घालायला?"

बाई हसल्या नाहीत. मेंदूची ऐकायची सवय मोडलेली असते, रोज घालून ती परत लावावी लागते, असं त्यांनी सांगितलं.

मी परक्या माणसांसमोर बोलत नाही. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "घरी घालून काय करू? घरात माझ्याशी बोलतं कोण?"

मुलाने हे बाईंना इंग्रजीत सांगितलं नाही.

तो रोज सकाळी फोन बघत उभ्यानेच चहा पितो. दुसऱ्या दिवशी कप घेऊन माझ्यासमोर बसला. काय बोलावं ते त्याला सुचेना, मग रस्त्यावर बर्फ किती साचलाय ते सांगत राहिला. मी मशिनं घालून ऐकत होते.

आता उठल्यावर घालते, झोपताना काढते. सुरुवातीला नळाचं पाणीसुद्धा डोक्यात जायचं. पुढे माझं काय होईल ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. संध्याकाळी नात माझ्याबरोबर बदामसात खेळते. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, पत्त्यांपुरतं चालून जातं. अडवून धरलेल्या पत्त्याचं नाव स्वतःशी पुटपुटायची तिला सवय आहे. तिला वाटतं, आजीला कुठे ऐकू येतंय.

मला येतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.