अव्वांचं धुरी दिलेलं मांस

लग्नानंतर दोन वर्षांनी आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, मुलाशी मी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा ती आली नव्हती. बाबा सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दोघं बेंगळुरू सोडून पुण्याला परतले होते. ती येणार म्हणताच मी बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या आमच्या भाड्याच्या घराची कपाटंसुद्धा घासली, ती शुद्ध शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी वेगळा कुकर आणला.

ती आल्यावर दोन दिवसांनी, न कळवता, सासूबाई आल्या. नवऱ्यासारखंच मीही त्यांना अव्वा म्हणायचे. हातात वाळक्या केळीच्या पानांत बांधलेलं गाठोडं होतं. त्यात काय असणार ते मला ठाऊक होतं. डुकराचं मांस; लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद चोळून, चुलीच्या वर दांडीला टांगून धुरावर सुकवलेलं. मी दारातच ते काढून घेतलं आणि आई आल्याचं हळूच सांगितलं.

"सरी," म्हणजे बरं, अव्वा म्हणाल्या. पुढे माझा वरण-भात निमूट जेवल्या.

मी गाठोडं स्टीलच्या डब्यात घट्ट बंद करून माळ्यावर ठेवलं. तरी धुराचा वास येतच राहिला. आईने विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं की अव्वांच्या साड्यांना येतो, त्यांच्याकडे चुलीवर स्वयंपाक असतो. आईला कन्नड उत्तम यायचं. तिने मायेनेच अव्वांना म्हटलं, चुलीपुढे किती त्रास होत असेल तुम्हाला, साड्यांतसुद्धा धूर भरतो. अव्वांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतले तर त्यांच्या सगळ्या साड्या दोरीवर वाळत होत्या, नेसून आलेली रेशमीसुद्धा. त्या माझी जुनी साडी त्यांच्या पद्धतीने, मागे निऱ्या घालून, नेसून बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं.

"मग त्यांना साड्या कशाला धुवायला लावल्यास?" एवढंच तिने विचारलं.

मग ती स्वतः बाहेर गेली. साड्या काढून घड्या घालू लागली आणि अव्वांना विचारलं, मांस इतके दिवस टिकतं कसं. अव्वा आधी संकोचल्या, मग रंगल्या. मिठाने पाणी सुटतं, धुराने उरलंसुरलं सुकतं. मी सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या आमच्या गोव्याच्या घरमालकीणबाई मात्र धूर देत नाहीत. मिठात मुरवून वर पाटा ठेवतात, नाहीतर मिरची-व्हिनेगर लावून सॉसेज भरतात. अव्वांना हे पटत नव्हतं. आंबट शिजवताना घालायचं, त्या म्हणाल्या. आई लोणच्याच्या कैऱ्यांनाही मिठाने कसं पाणी सुटतं ते सांगत राहिली. उद्या मैत्रिणीकडे जाते, तेवढ्यात शिजवून घ्या, असंही म्हणाली. अव्वांनी मानलं नाही.

आई पुण्याला गेल्यावर डबा उघडला. निम्म्या पट्ट्यांवर बुरशी आली होती. अव्वांनी त्या वेगळ्या काढून टाकल्या. उरलेल्या गरम पाण्यात भिजवून धुतल्या, वरवंट्याने ठेचल्या, कांदा आणि भरपूर मिरीबरोबर परतल्या, शेवटी कच्चंपुळीचा दाट काळा आंबट रस घातला. पहिलं माझ्या ताटात वाढलं. चव इतकी सुरेख होती की मला खाववेना.

"अव्वा, माझं चुकलं," मी म्हटलं.

"बंद डब्यात ठेवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "हवा लागते."

त्यानंतर यायच्या आधी अव्वा खाली मालकीणबाईंकडे फोन करून मला बोलावून घ्यायच्या आणि विचारायच्या, घरी कोण आहे? कधीही या, असं मी किती वेळा सांगितलं. तरी विचारायच्याच.