तिला बुडू दिलं नाही

वाशीमच्या बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला तेव्हा मी मराठी सातवीत होते. इंग्रजी बोलपट होता. पडद्याशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा राहायचा आणि काय चाललंय ते वऱ्हाडीत ओरडून सांगायचा. गोष्ट कुठल्याशा बेटावरच्या गोऱ्या साहेबाची आणि तिथल्या सावळ्या मुलीची आहे असं कानावर आलं, तशी अम्मी म्हणाली, "आपुन जाऊ. तिघंही जाऊ."

तिला का जायचं होतं हे गावात कोणालाही कळलं असतं. माझे अब्बा इंग्रज होते, कापसाच्या जिनात इंजिनांवर देखरेख करायला आलेले. अम्मी मणियाराची मुलगी. जिनाच्या वाटेवर तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. विलायतेतल्या बहिणीला पाठवायच्या म्हणून अब्बा बांगड्या घ्यायला आले. माप विचारलं तर त्यांना सांगता येईना. पुन्हा आले, पुन्हा माप विसरले. अम्मी पडद्याआडून म्हणाली, "या सायबाले बहीण हाय का नाई, तेच आधी विचारा." बहीण नव्हतीच.

दोघांनी काझीसमोर निकाह केला. मामांनी अम्मीचं नाव टाकलं. जिनाचे मालकही गोरेच होते. त्यांनी अब्बांना बोलावून समजूत घातली, की बाई ठेवायची तर ठेव, गावाबाहेर घर देतो, पण लग्न कशाला? या एका वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. ठेवली असती तर सगळ्यांना चाललं असतं. बायको केली ते झोंबलं.

त्या संध्याकाळी तंबूत पुढे खुर्च्या मांडल्या होत्या, मागे बायकांसाठी सतरंजी. एका खुर्चीत जिल्ह्याचा एक गोरा अंमलदार बसला होता. अब्बांना पाहून त्यानं शेजारची खुर्ची दाखवली. एकच. अब्बांनी मान हलवली आणि अम्मीला लागून सतरंजीवर मांडी घातली. बायकांच्या घोळक्यात एकटाच पुरुष, तोही लालबुंद तोंडाचा. बायका हसल्या, पण सरकून त्यांनी जागा दिली.

सिनेमा सुरू झाला. ती बेटावरची मुलगी पडद्यावर आली आणि अम्मी माझ्या कानाशी पुटपुटली, "हे तं गोरीच हाय. तोंडाले रंग फासला, मनगटाले लावाचा राह्यला." खरंच तसं होतं. सावळ्या मुलीचं प्रेम दाखवायचं, पण सावळ्या मुलीला पडद्यावर घ्यायचं नाही!

तरी आम्ही गुंतलो. साहेब तिच्यावर जीव टाकत होता. मग बोटीतून त्याची गोरी वाग्दत्ता आली आणि ही मुलगी समुद्राकडे चालू लागली. भोंगेवाला गळा काढून म्हणाला, "पाहा मायबाईहो, सायबाच्या सुखासाठी तिनं जीव देल्ला! केवळा मोठा त्याग!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

अम्मी उभी राहिली.

"काहून मरते ते?"

भोंगा थांबला. "बाई, खेळात तसंच हाय."

"तिनं कोनाचं काय बिघडवलं? जीव लावला दोघायनं, अन् पान्यात एकटीनंच जाव? मी बी सायबाची बायको हाओ. मी मेली का?"

कोणीतरी मागून ओरडलं, "बरोबर हाय!" पुढच्या खुर्चीतला अंमलदार वळला आणि इंग्रजीत काही बोलला. अब्बा बसल्या जागेवरून त्याला मोडक्या वऱ्हाडीत म्हणाले, "माही बायको बोलून राह्यली. आयकून घ्या." सारा तंबू हसला. इंग्रजाला इंग्रजानं वऱ्हाडीत गप्प केलेलं वाशीमनं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही, पण शेजारणी धावत आल्या. चित्र तेच होतं, मुलगी तशीच पाण्यात गेली होती. पण भोंगेवाल्यानं सांगितलं होतं, "पोहत निंघाली मायबाईहो! त्या काठाले तिचा साहेब उभाच हाय!" म्हणे शिट्ट्यांनी तंबू उडायचा राहिला.

ते अंमलदाराच्या कानावर गेलंच. तंबूवाल्याला गाव सोडायला लावलं. अब्बांना मालकांनी सांगितलं, बायकोला घेऊन अंमलदाराकडे जा आणि तिला माफी मागायला लाव. अब्बा घरी आले आणि अम्मीला सगळं सांगितलं.

"मंग तुमी काय म्हनले?" तिनं विचारलं.

"नोकरी सोडली म्हनलो."

अम्मी म्हणाली, "सामान बांधतो. रडाची नाई मी."

आम्ही रिसोडला आलो. अब्बांनी शेतकऱ्यांची तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान काढलं. पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली; कोणी भाड्यानं घर देईना, मग एका कुणबी बाईनं गोठ्याशेजारची खोली दिली आणि स्वतःच्या भावकीशी भांडली.

पुढे गोरे देश सोडून जायला निघाले. अकोल्याहून एक साहेब मोटारीनं आला. अब्बांसाठी बोटीवर जागा आहे, म्हणाला. आमच्याबद्दल तो काही बोललाच नाही. अम्मी दारात उभी होती. अब्बांचे हात कोपरापर्यंत तेलात. त्यांनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. मग अब्बा म्हणाले, "मंग बाजूले सरका, उजेड अडला." आणि इंजिनात डोकं घातलं.